काका, तुमी अंपायर व्हा नं!

बडनेऱ्यात रविवारी सकाळी सहाच्या आत मैदानावर पोचलं तरच खेळपट्टी मिळते. गेल्या रविवारी जुन्या वस्तीतला एक गडी तिथे आला. वय सेहेचाळीस, नोकरी रेल्वेत. वीसेक वर्षांपूर्वी टेनिस बॉलच्या स्पर्धांमध्ये त्याचा यॉर्कर खेळायला बॅट्समन कचरायचे. मध्यंतरी गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि दोन वर्षं खेळ बंद पडला. परवा तो नवे बूट घालून, गुडघ्याला पट्टा बांधून पुन्हा आला. पोरं टीम पाडत होती. त्यांनी एकदा गुडघ्याकडे पाहिलं, एकदा पांढऱ्या कल्ल्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "काका, तुमी अंपायर व्हा नं! काऊन उगीच तरास घेता?"

तो झाला अंपायर. दोन तास उन्हात उभा राहिला, एकही वाइड सोडला नाही. सामना संपल्यावर पोरं गिला वडा खायला पांगली. मैदानात उरलेला एक चेंडू त्याने उचलला आणि एकटाच आठ चेंडू टाकले. मी कडेला बसून मोजले. तीन स्टंपला लागले.

मला त्या पोरांचा राग आला आणि आठ दिवस झाले तरी तो उतरलेला नाही. पोरं वाईट नाहीत. आपण त्यांना जे शिकवलं तेच ती बोलली. म्हणून आज त्यांना एका अशा खेळाच्या चार गोष्टी सांगतो, जो बडनेऱ्यात कोणी खेळत नाही.

१४ एप्रिल २०१९. रविवारच. आपल्याकडे मध्यरात्र होत आली होती, कूलर गरम हवाच फेकत होता आणि झोप येणं शक्य नव्हतं. टीव्हीवर अमेरिकेतल्या ऑगस्टाच्या मैदानावर मास्टर्स स्पर्धेची शेवटची फेरी चालू होती. मला गोल्फ फारसा कळत नाही. पण लाल शर्ट घातलेला त्रेचाळीस वर्षांचा टायगर वूड्स शेवटच्या होलवर चेंडू ढकलून दोन्ही हात वर करतो तेव्हा काय घडलंय, हे कळायला गोल्फ यावा लागत नाही. बाहेर येऊन त्याने दहा वर्षांच्या मुलाला कवेत घेतलं. १९९७ मध्ये, एकवीस वर्षांचा असताना, त्याच जागी बारा फटक्यांच्या फरकाने जिंकून तो आपल्या बापाच्या गळ्यात पडला होता.

त्या दोन मिठ्यांमध्ये काय काय झालं ते पाहा. २००८ मध्ये पायाचं हाड चिरलेलं आणि गुडघ्याचा लिगामेंट गेलेला असताना तो यूएस ओपन खेळला. निकाल लागायला एक्याण्णव होल लागले आणि ते त्याने जिंकले. तो चौदावा मोठा किताब. त्यानंतर पुढचा यायला जवळजवळ अकरा वर्षं गेली. संसार मोडला, बदनामी झाली, पोलिसांनी पकडल्यावरचा फोटो जगभर छापून आला. पाठीवर चार शस्त्रक्रिया झाल्या. २०१७ मध्ये माजी विजेत्यांच्या जेवणाला जाऊन बसता यावं म्हणून त्याला इंजेक्शन घ्यावं लागलं. त्या वर्षी जागतिक क्रमवारीत तो ११९९ व्या क्रमांकापर्यंत घसरला. म्हणजे त्याच्यापुढे अकराशे अठ्ठ्याण्णव लोक उभे होते. तिथून तो मास्टर्समध्ये पहिला आला. या माणसाला २०१७ मध्ये कोणी "अंपायर व्हा" म्हटलं असतं, तर ते व्यवहाराला धरूनच वाटलं असतं.

आता सेहेचाळीस या आकड्याकडे येऊ. १९८६ मध्ये जॅक निकलस सेहेचाळीस वर्षांचा होता. अटलांटाच्या एका पत्रकाराने मास्टर्सच्या आधी लिहून टाकलं की हा गडी संपला. निकलसच्या मित्राने ते कात्रण त्यांच्या भाड्याच्या घरातल्या फ्रिजवर चिकटवलं. आठवडाभर पाणी प्यायला उठलं की समोर तेच. शेवटच्या दिवशी शेवटचे नऊ होल त्याने तीस फटक्यांत संपवले. पिशवी उचलायला सोबत त्याचा मुलगा होता. मास्टर्स जिंकणारा सर्वांत वयस्क खेळाडू हा त्याचा मान आजही त्याच्याकडेच आहे.

आपल्या कट्ट्यावर सचिन की विराट चालतं, तसं गोल्फमध्ये वर्षानुवर्षं निकलस की वूड्स चालू आहे. एक बाजू म्हणते, निकलसचे अठरा मोठे किताब आणि वूड्सचे पंधरा, विषय संपला. शिवाय निकलस एकोणीस वेळा दुसरा आला आहे. दुसरी बाजू म्हणते, वूड्सच्या काळात स्पर्धा कितीतरी कडवी होती. माझं मत विचाराल तर मी वूड्सच्या बाजूने आहे. २००० चा यूएस ओपन पंधरा फटक्यांनी जिंकून तिथून २००१ च्या मास्टर्सपर्यंत चारही मोठे किताब एकाच वेळी ज्याच्या घरात होते, त्याच्या उंचीला दुसरा कोणी पोचल्याचं मला दिसत नाही. निकलसने अधिक काळ राज्य केलं. वूड्सने अधिक उंच झेप घेतली. मी झेप निवडतो.

पण या वादात मला एक गोष्ट खुपते, ती सांगतोच. वूड्सचे चाहते अभिमानाने सांगतात की अमेरिकेच्या दौऱ्यावर त्याने ब्याऐंशी स्पर्धा जिंकल्या आणि सॅम स्नीडची बरोबरी केली. खरं आहे. मिकी राइट या बाईनेही महिलांच्या दौऱ्यावर ब्याऐंशीच जिंकल्या. कॅथी व्हिटवर्थने अठ्ठ्याऐंशी. पॅटी बर्गचे मोठे किताब पंधरा, अगदी वूड्सइतके. सर्वश्रेष्ठ कोण यावर तासन् तास भांडणाऱ्या माणसांना ही तीन नावं माहीत नसतात. ज्यांना आकडाच प्रमाण वाटतो, त्यांनी आधी पूर्ण आकडे वाचावेत.

आणि आणखी एक नाव आहे, चार्ली सिफर्ड. कृष्णवर्णीय. अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फ संघटनेच्या घटनेत १९३४ पासून १९६१ पर्यंत सरळ लिहिलेलं होतं की सभासद गोराच असला पाहिजे. तो नियम गेला तेव्हा सिफर्ड एकोणचाळीस वर्षांचा होता. हातातली उमेदीची सगळी वर्षं दाराबाहेर गेलेली. तरी तो आत शिरला आणि १९६७ मध्ये हार्टफर्डची स्पर्धा जिंकला, १९६९ मध्ये लॉस एंजेलिस ओपन जिंकला. या दुसऱ्या विजयाच्या वेळी त्याचं वय किती? सेहेचाळीस. मास्टर्सने मात्र त्याला कधीच बोलावलं नाही. तिथे पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, ली एल्डर, उतरला तो १९७५ मध्ये.

आता २०१९ च्या त्या रात्रीच्या मुलाकडे परत या. लाल शर्टाच्या कवेत शिरलेल्या त्या मुलाचं नाव चार्ली आहे. वूड्सने ते सिफर्डवरून ठेवलं. ज्या मैदानाने त्या म्हाताऱ्याला आमंत्रण दिलं नाही, तिथे त्याच्या नावाचा पोरगा विजेत्याच्या खांद्यावर डोकं टेकून उभा होता. सिफर्ड ते पाहायला नव्हता, २०१५ मध्ये तो गेला.

निकलस मोठा की वूड्स मोठा, या प्रश्नाचं उत्तर मी दिलं. पण सिफर्डला पंचविशीत दार उघडं मिळालं असतं तर त्याचे किती किताब झाले असते, याचं उत्तर कोणाकडेच नाही. म्हणून सर्वश्रेष्ठाच्या यादीबरोबर मला दुसरी यादी हवी असते. कोणाला आत घेतलं, कोणाला परत येऊ दिलं आणि कोणाला दारावरूनच वाटेला लावलं, त्यांची. पुनरागमनाचं सगळं श्रेय आपण एकट्या जिद्दीला देतो. जिद्द सिफर्डकडे वूड्सपेक्षा कमी नव्हती.

आपल्या पुण्याच्या उदयन मानेचंच बघा. टोकियो ऑलिंपिकच्या गोल्फमध्ये त्याचं नाव आधी नव्हतं. अर्जेंटिनाच्या एका खेळाडूने माघार घेतली, जागा मोकळी झाली आणि एक मराठी गोल्फर ऑलिंपिकला गेला. माने तयारच होता. जागा नव्हती.

आता गोल्फ राहू द्या. घरी या, विदर्भात या. कारण दार उघडण्याच्या बाबतीत आपण जगाला शिकवावं असं काहीतरी केलेलं आहे, आणि ते आपल्यालाच माहीत नाही.

२०१५ मध्ये वसीम जाफर सदतीस वर्षांचा होता. मुंबईकडून अठराव्या वर्षी, दुसऱ्याच प्रथम श्रेणी सामन्यात नाबाद ३१४ काढणारा. भारतासाठी एकतीस कसोटी खेळून त्याला २००८ नंतर पुन्हा बोलावणं आलं नव्हतं. मुंबईतला त्याचा काळ संपत आला होता. विदर्भाने त्याला घेतलं. तेव्हा नाकं मुरडणारे होते. मीही त्यांच्यात होतो, आणि ते चुकीचं होतं. म्हटलं, मुंबईने वापरून झालेला माणूस आपल्या गळ्यात, आणि आपल्या पोराची एक जागा गेली.

मग १ जानेवारी २०१८ उजाडला. इंदूरचं होळकर स्टेडियम, रणजी अंतिम सामना, समोर दिल्ली. विदर्भाने रणजी खेळायला सुरुवात केली १९५७-५८ मध्ये. साठ वर्षं करंडक नाही. त्या दिवशी विजयाचे शेवटचे चौकार आले ते एकोणचाळीस वर्षांच्या जाफरच्या बॅटमधून. आणि त्याच अकरा जणांत अकोल्याचा आदित्य ठाकरे होता. एकोणीस वर्षांचा, आयुष्यातला पहिलाच प्रथम श्रेणी सामना आणि तो थेट रणजी फायनलचा. जाफरने ते त्रिशतक ठोकलं तेव्हा हा पोरगा जन्मलाही नव्हता. ड्रेसिंग रूममध्ये शेजारी शेजारी पॅड बांधणारी ती दोन माणसं डोळ्यांपुढे आणा. त्याच सामन्यात अक्षय वाडकरने शतक काढलं आणि रजनीश गुरबाणीने हॅटट्रिक घेतली. पोरांची जागा गेली कुठे? सगळी पोरं तिथेच होती, आणि जिंकत होती.

दोन महिन्यांनी जामठ्याला इराणी चषक. जाफर चाळीस वर्षांचा. २८६ धावा. मार्चचं नागपूरचं ऊन वऱ्हाडी माणसाला सांगायला नको. त्या उन्हात चारशेच्या वर चेंडू खेळत तो उभा राहिला आणि विदर्भाने ८०० वर डाव सोडला. पुढच्या हंगामात त्याच्या हजारावर धावा झाल्या आणि विदर्भाकडे पुन्हा रणजी करंडक आला. दुसऱ्याने "झालं आता" म्हणून ठेवून दिलेला माणूस आपण घेतला आणि त्याने आपल्याला सलग दोन करंडक मिळवून दिले.

इंदूरच्या ज्या स्टेडियमला होळकरांचं नाव आहे, त्या होळकर संघाला चार रणजी करंडक मिळवून देणारा कर्णधार कोण होता? आपल्या नागपुरात १८९५ मध्ये जन्मलेले सी. के. नायडू. त्यांनाही दार उशिराच उघडलं. भारताला पहिली कसोटी मिळाली १९३२ मध्ये, तेव्हा नायडू छत्तीस वर्षांचे होते. सात कसोटी एवढंच त्यांच्या वाट्याला आलं. सर्वश्रेष्ठाच्या यादीत सात कसोट्यांच्या माणसाला कोण बसवतो? पण १९५१-५२ च्या रणजी फायनलमध्ये छप्पन्न वर्षांच्या नायडूंच्या तोंडावर दत्तू फडकरचा बाउन्सर बसला आणि पुढचे दोन दात पडले. त्यांनी बॅटनेच दात खेळपट्टीवरून बाजूला सारले आणि पुढचा चेंडू टाकायला सांगितलं. त्या डावात ६६ काढल्या. साठी उलटल्यावर १९५६-५७ मध्ये ते उत्तर प्रदेशकडून पुन्हा रणजी खेळले. त्यांना अंपायर व्हा म्हणायची कोणाची छाती झाली नसती.

आणि अगदी कालचा दाखला. करुण नायर. २०१६ मध्ये चेन्नईत इंग्लंडविरुद्ध नाबाद ३०३. मग भारताच्या संघातून बाहेर, पुढे कर्नाटकच्या संघातूनही बाहेर. २०२२ च्या डिसेंबरात त्याने जाहीरपणे क्रिकेटकडेच आणखी एक संधी मागितली. ती विदर्भाने दिली. २०२४-२५ च्या हंगामात विजय हजारे स्पर्धेत ७७९ आणि रणजीत ८६३ धावा. नागपुरात केरळविरुद्धच्या फायनलमध्ये पहिल्या डावात ८६, दुसऱ्यात १३५ आणि विदर्भाला तिसरा करंडक. त्या जोरावर आठ वर्षांनी तो २०२५ मध्ये लीड्सला भारताकडून पुन्हा कसोटी खेळला. इंग्लंडमध्ये त्याच्या हातून फार मोठं काही झालं नाही, एकच अर्धशतक झालं. म्हणून संधी वाया गेली का? मी म्हणतो, नाही. उंबरठ्यावर पुन्हा उभं राहायचा त्याचा हक्क होता आणि तो त्याने धावा काढून मिळवला.

अमरावतीच्या जितेश शर्माला भारताची पहिली टोपी मिळाली तेव्हा त्याला तीस वर्षं पूर्ण व्हायला काही दिवस उरले होते. आपल्या गावात तिशीचा खेळाडू म्हणजे लग्न झालेला, पोट सुटलेला, संपलेला माणूस असं धरून चालतात. एकोणीस वर्षांखालच्या संघात नाव आलं नाही की घरचे बॅट माळ्यावर टाकतात. पोरींची तर तेवढीही वाट पाहत नाहीत. बडनेऱ्याच्या मैदानावर सकाळी चाळिशीच्या बायका येतात, त्या कडेकडेने फेऱ्या मारतात आणि आत पाय ठेवत नाहीत. त्यातली एक शाळेत असताना जिल्ह्याच्या खो-खो संघात होती. तिने मला ते सांगितलं तेव्हा चालता चालता आवाज खाली आणून सांगितलं, जणू काही चोरी केली होती.

इथे माझं म्हणणं चुकीचं ऐकू नका. प्रत्येक म्हाताऱ्याला संघात घ्या असं मी म्हणत नाही. जाफरला जागा मिळाली ती धावांवर, वयावर नाही आणि दयेवर तर मुळीच नाही. वूड्सला ११९९ व्या क्रमांकावरून कोणी हात धरून वर आणलं नाही. माझं मागणं अगदी लहान आहे. माणसाला चेंडू टाकून तर पाहू द्या. यॉर्कर पडला नाही तर तो स्वतःच बाजूला होईल. खेळाडूला आपण संपलो हे सगळ्यांत आधी कळतं. इतरांनी त्याचा गुडघा बघून ते ठरवू नये.

गावात जे स्पर्धा भरवतात, त्यांनाही एक थेट सांगायचंय. बक्षिसाचा आकडा दरवर्षी वाढवता, मोठे स्पीकर लावता, पुढाऱ्याच्या हस्ते नारळ फोडता. एक दिवस चाळिशीच्या वरच्यांचा सामना ठेवा. एक दिवस बायकांचा ठेवा. त्यासाठी पैसा लागत नाही, मैदान आणि चेंडू लागतो, आणि दोन्ही तुमच्याकडे आहे. ज्या पोरांनी परवा त्या गड्याला पंच केलं, त्यांना त्या दिवशी पंच करा. दोन तास उन्हात उभं राहून वाइड मोजणं किती अवघड असतं, ते त्यांनाही कळू दे.

आणि पोरांनो, तुमच्याशी शेवटचं. तो गडी या रविवारी पुन्हा येणार आहे. मी विचारलं त्याला. बूट धुवून वाळत घातलेत म्हणाला. टीम पाडाल तेव्हा त्याला आधी घ्या आणि पहिली ओव्हर त्याच्या हातात द्या. यष्टीरक्षक जरा मागे उभा करा, चेंडू अजून वेगात येतो.